ताटाच्या कडेला ठेवलेलं साल

मे महिन्यातला रविवार होता. दुपारची जेवणं चालली होती. पंखा पाचावर फिरत होता, तरी मानेवरून घाम ओघळत होता. आईच्या ताटात मी दोन चमचे हमस वाढलं होतं, चण्यांचं ते अरबी वाटण, घरी पहिल्यांदाच केलेलं. तिनं पोळीचा मधला मऊ भाग तोडला, हमसला लावून एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला थांबली. जीभ गालाच्या आतून फिरली, खालच्या कवळीपाशी घुटमळली. मग तिनं डाव्या हाताचा पंजा तोंडापुढे धरला, उजव्या हाताच्या दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी उचललं आणि ताटाच्या कडेला, मिठाच्या शेजारी ठेवलं. चण्याचं साल होतं ते. नखाएवढं, पारदर्शक, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं. "छान झालंय हो," ती म्हणाली आणि उरलेलं हमस हळूच बाजूला सारून तिनं ताकभात कालवायला घेतला.

ते साल माझ्या डोक्यातून जाईना.

हमस आमच्याकडे आलं ते मुलीमुळे. कॉलेजमधून येताना तिनं वांद्र्याहून एक छोटी डबी आणली होती. आई आता ८१ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिचे खालचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी करून घेतली, पण हिरड्या इतक्या झिजल्यात की ती नीट बसत नाही. बोलताना सरकते, खाताना टोचते, आणि तिच्याखाली शेवेचा कण जरी गेला तरी आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. तेव्हापासून तिचं जेवण आकसत गेलं. आधी भाकरी गेली, मग कोशिंबिरी, मग उसळी. उरला तो मऊ भात, घोटलेलं वरण, ताक आणि शिजवून मऊ केलेला दुधी. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडतायत, काहीतरी पोटात जाऊ द्या. काय जाऊ द्यायचं, हे मात्र त्यांनी आमच्यावर सोडलं. तर त्या संध्याकाळी मुलीनं डबी उघडून आजीच्या तळहातावर चिमूटभर हमस ठेवलं. आईनं डोळे मिटून चव घेतली. तिची ही जुनी सवय, चव घेताना ती डोळे मिटते. म्हणाली, "तीळ आहेत यात. लिंबू आहे. आणि हे पिठूळ काय, चणे?" मुलीनं मान डोलावली. आईनं आणखी थोडं मागितलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुवेतवाले काका सांगायचे, ती चटणी का रे ही?"

कुवेतवाले काका मला पस्तीस वर्षांत आठवले नव्हते. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूची खोली त्यांची. कुवेतला एअरकंडिशनर दुरुस्तीचं काम करायचे. दोन वर्षांतून एकदा यायचे, आणि ते आले की सगळ्या मजल्यावर साबणाचा वेगळाच वास पसरायचा. दुधाच्या पावडरीचे डबे, टँग, बॅटऱ्या, जाड टॉवेल असं काय काय आणून घरोघरी वाटायचे. एका वर्षी आमच्या वाट्याला अरबी अक्षरांचा एक डबा आला. झाकण काढलं तर वर बोटभर तेल आणि खाली मातीसारखा घट्ट बसलेला थर. आईनं वास घेतला आणि तीळ ओळखले. वरचं तेल तिनं फोडणीला काढून ठेवलं. खालचा थर सुरीनं खरवडून, गुळाच्या पाकात घोटून त्याच्या संक्रांतीच्या वड्या केल्या. त्या वर्षीच्या वड्या चावाव्या लागल्याच नाहीत. जिभेवर ठेवल्या की विरघळायच्या. ती ताहिनी होती, तिळाचं अरबी वाटण, हे आम्हाला तेव्हा कुठून कळणार!

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि काकांची नोकरी, खोली, साठवलेले पैसे, सगळं एका आठवड्यात गेलं. वाळवंटातून बसनं जॉर्डनला, अम्मानला, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. त्या दोन महिन्यांत एअर इंडियानं लाखावर माणसं अशी परत आणली, त्यांतले हे एक. हातात रेक्झिनची एक बॅग. नंतर बरेच दिवस ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचे. त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा यायची. अम्मानला पोचल्यावर पहिल्या सकाळी कोणीतरी एका मोठ्या पातेल्यातून चण्याची चटणी वाढली, सोबत रोटी. "वहिनी, इतकी मऊ होती हो," ते आईला सांगायचे, "कण म्हणून लागत नव्हता. तीन दिवस घशाखाली काही उतरलं नव्हतं, ती मात्र आपोआप उतरली." आई दळण निवडता निवडता ऐकायची. मला वाटलं होतं, हे सगळं चाळीबरोबर मागे राहिलं. तिच्या जिभेनं ते जपून ठेवलं होतं.

विकतच्या डबीत चार माणसांचं काय होणार! म्हणून मी घरी करायचं ठरवलं. चणे भिजवायचे, शिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, यात अवघड ते काय असणार, असं वाटलं होतं. रात्री पाव किलो काबुली चणे भिजत घातले, सकाळी कुकरमध्ये सहा शिट्ट्या दिल्या. बोटात धरून दाबले तर दबत होते. पण दबणं वेगळं आणि विरघळणं वेगळं, हे तेव्हा कळलं नाही. मिक्सर गरगरत राहिला, भांडं तापलं, आणि शेवटी हातात आलं ते ओल्या रव्यासारखं. चव बरी होती, पण बोटांत चोळलं की कणी लागायची, आणि सालांचे तुकडे तर झाडूच्या काड्यांसारखे मधूनमधून आडवे यायचे. आमच्या नजरेला ते काहीच वाटलं नाही. दात असलेल्या माणसाला साल जाणवतच नाही. ते जाणवलं आईला.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे घरात चण्यांचेच होते. मे महिन्यात आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी दाबानं येतं, म्हणून टँकर मागवतात, आणि दोन्ही पाणी खालच्या टाकीत एक होतं. टँकरचं पाणी बहुतेक बोअरवेलचं. नळाच्या तोट्यांवर पांढरी किटणं चढतात, बादलीच्या तळाला खरखरीत थर बसतो, साबणाला फेस येत नाही. दुसऱ्यांदा मी चणे शिजवायला ठेवले, तेव्हा आईनं आतल्या खोलीतून विचारलं, "पाणी कुठलं घेतलंस?" मी म्हटलं, नळाचं. "हे जड पाणी आहे. यात डाळ शिजत नाही, चणे काय शिजणार? प्यायच्या फिल्टरचं घे." लहानपणापासून 'जड पाणी' हा शब्द मी ऐकत आलो, पण तो कधी हाताला लागला नव्हता. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कडधान्याच्या पेशी एकमेकींना ज्या पेक्टिननं चिकटलेल्या असतात, त्याला हे क्षार आणखी घट्ट बांधून ठेवतात. मग तासभर उकळा, दाणा आतून पिठूळ होतो पण सुटत नाही. खायचा सोडा याच्या नेमका उलट वागतो. पाणी थोडं क्षारधर्मी झालं की पेक्टिन विरघळायला लागतं आणि साल आपणहून सैल पडतं. गिरगावात हा प्रश्नच नव्हता. तानसाचं पाणी १८९२ पासून या शहरात येतंय. भातसा, वैतरणा, विहार, तुळशी, सगळी पावसाच्या पाण्याची तळी, त्यामुळे नळाला येतं ते मवाळ पाणी. पहाटे साडेचारला नळ यायचा, आई पिंप भरून त्याला फडकं बांधायची, आणि त्या पाण्यात तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत लोणी व्हायची. उपनगरात आल्यापासून उन्हाळ्यात आपली डाळ पातळ आणि दाणेदार का होते, याचा विचार मी कधी केला नव्हता. आईनं केला होता. तिनं सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.

तर आता माझी रीत अशी झाली आहे. पाव किलो चणे, शक्यतो या वर्षीचे. जुने चणे कितीही भिजवा, मध्ये खडा राहतोच, म्हणून ज्याच्याकडे माल भराभर खपतो अशा वाण्याकडून घ्यावेत. फिल्टरच्या पाण्यात सपाट चमचाभर सोडा घालून भिजवायचे, तेही फ्रिजमध्ये, कारण मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर ठेवले तर सकाळी फेस येऊन आंबूस वास सुटलेला असतो. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, चणे धुवायचे, ताजं पाणी आणि अर्धा चमचा सोडा घालून उघड्या पातेल्यात शिजवायचे. कुकर मी सोडून दिला. सालं फेसाबरोबर वर येऊन शिट्टीत अडकतात, आणि पातेल्यात कसं डोळ्यांसमोर राहतं. फेस काढत राहायचा. अर्धा-पाऊण तासानं एक चणा उचलून अंगठा आणि बोटात धरायचा. नुसता टेकवल्याबरोबर मलईसारखा पसरला पाहिजे. त्याला दाबावं लागलं, तर झाला नाही. सोडा याहून जास्त घालू नये, साबणासारखी चव येते. एकदा मला तो मोह झाला आणि पातेलंभर चणे वाया गेले.

मध्येच आईनं एक सरळ प्रश्न विचारला. "सालाचाच त्रास आहे ना? मग चण्याची डाळ का नाही घेत? सोललेलीच असते की." मला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी केलं. डाळ सुरेख शिजली, वाटलीही गेली. पण रंग पिवळाधमक आला, आणि चव घेतल्यावर तोंडातल्या तोंडात गुळाची आणि वेलचीची वाट बघणं सुरू झालं. चण्याची डाळ म्हणजे देशी हरभरा. त्याला स्वतःचा असा खमंग, किंचित उग्र स्वभाव आहे, तो तिळाला आणि लिंबाला वर येऊ देत नाही. आईनं चमचाभर खाल्लं. "हे पुरण आहे, अळणी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितल्याप्रमाणे त्यात गूळ घालून आटवलं आणि मुलीनं पोळ्या लाटल्या. लिंबू-लसूण घालायच्या आधीच थांबलो होतो, म्हणून निभावलं.

ताहिनीचं मात्र वेगळंच झालं. अरबीत हमस म्हणजे नुसते चणे, आणि ताहिनी हा शब्द दळण्या-वाटण्याच्या धातूवरून आलाय. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चणे आणि वाटण. आपलंच की." विकतची ताहिनी महाग, म्हणून तीही घरीच. सोललेले पांढरे तीळ, ज्यांना वाणी पॉलिशचे तीळ म्हणतो, ते घ्यायचे. गावरान तिळाचं साल कडू उतरतं. मंद आचेवर परतायचे, पण तिळगुळासाठी परततो तेवढे नाही. कढईतून पहिला तीळ उडाला आणि वास फिरला की उतरवायचे, रंग बदलता कामा नये. मग चटणीच्या भांड्यात. पहिल्या मिनिटात कूट होतं, ते आपल्या ओळखीचं. इथंच मी दर वेळी थांबायचो, कारण आयुष्यभर ऐकलेलं हेच, "तेल सुटायच्या आत थांबव, नाहीतर चटणीचा लगदा होईल." ताहिनीसाठी त्या रेषेच्या पलीकडे जावं लागतं. कूट भांड्याच्या कडांना चिकटतं, पातं नुसतं हवेत फिरतं, वाटतं की आता काही होत नाही. बंद करायचं, चमच्यानं खाली लोटायचं, परत फिरवायचं. असं पाच-सहा वेळा. मग एकदम आवाज बदलतो. मिक्सरची कोरडी खरखर जाते आणि ओला, जड, घोगरा आवाज येतो. तिळात निम्मं तेलच असतं, ते आता बाहेर पडलेलं असतं. चमचाभर गोडं तेल मदतीला घातलं की भांड्यात मधासारखी धार फिरायला लागते. पहिल्यांदा ती धार दिसली तेव्हा मी आईला हाताला धरून ओट्याशी आणलं. तिनं बोट बुडवलं, चाटलं. "त्या डब्यात हेच होतं," ती म्हणाली. "मी तेल ओतून काढलं रे त्यातलं."

त्यानंतर पाण्याची गंमत. दोन लिंबांचा रस काढून त्यात लसणाच्या पाकळ्या ठेचून दहा मिनिटं ठेवायच्या आणि गाळायचं. लसणीचा झोंबरेपणा ती ठेचल्यावर तयार होतो, आणि आंबट रसात तो होण्याचं कामच मंदावतं. राहतो तो वास आणि सौम्य चव. आईला कच्ची लसूण सोसत नाही, तिला ही सोसली. हा रस आणि मीठ ताहिनीत घातलं की क्षणात ती आवळते, घट्ट गोळा होतो, रंग मातकट होतो. पहिल्या वेळी मला वाटलं फाटली, आणि मी टाकायला निघालो होतो. टाकू नये. तेलात लपेटलेल्या तिळाच्या कणांना थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना धरून बसतात. आणखी पाणी मिळालं की सोडतात, आणि मग तेल पाण्यात मिसळून जातं. बर्फाचं पाणी चमचा चमचा घालत, घोटत राहायचं. चौथ्या-पाचव्या चमच्याला गोळा सैलावतो, आणि बघता बघता मातकट रंग उजळून जवळजवळ पांढरा होतो, घोटलेल्या चक्क्यासारखा. पाव किलो चण्यांना अशी भरगच्च वाटीभर ताहिनी लागते. मी आधी दोन चमच्यांवर भागवत होतो. हमसचा मऊपणा निम्मा इथून येतो, हे मला उशिरा कळलं.

एवढं सगळं करूनही कणी राहायचीच. मी चणे आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचो, सकाळी गारच्या गार मिक्सरमध्ये टाकायचो. एक दिवस आई दाराला धरून उभी राहिली. "गार चणे वाटतोयस? पुरण गार झाल्यावर कधी वाटतात का?" मी भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. होळीला आई पुरणयंत्र मांडीशी घेऊन बसायची. डाळीतून वाफा येत असायच्या, तिची बोटं लाल व्हायची, आणि वडील 'जरा निवू दे' म्हणाले की ती म्हणायची, निवली की चरबरीत होते. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च गार होताना पुन्हा आवळतो, म्हणून गरम असतानाच वाटायचं. पुस्तकात त्याला मोठं नाव असेल, आईकडे लाल झालेली बोटं होती.

आणि सालं.

सोड्यानं निम्मी सालं सुटतात. शिजलेल्या चण्यांवर गार पाणी ओतून हलक्या हातानं चोळलं की ती वर तरंगतात, पाण्याबरोबर ओतून देता येतात. उरलेली एकेक करून काढावी लागतात. जूनच्या पहिल्या शनिवारी, बाहेर आभाळ भरून आलेलं असताना, मी परात आणि पाणी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. चणा अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, हलकेच चिमटायचा, दाणा पुढे सटकतो आणि साल बोटात राहतं. दहा-बारा चणे झाले असतील. माझा अंगठा आपोआप एका तालात यायला लागला, आणि मला समजलं की ही हालचाल मी पाहिलेली आहे. शेकडो वेळा पाहिलेली आहे.

आईचं माहेर चौल-रेवदंड्याकडचं. भातकापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल करतात. थंडीत त्याच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लागते आणि वाळवलेले वाल वर्षभर पुरतात. मामा एस.टी.नं यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत वालाची पुरचुंडी असायचीच. वाल रात्रभर भिजायचे, मग फडक्यात बांधून दिवसभर टांगून ठेवलेले, त्यांना बोटाच्या पेराएवढे मोड यायचे, मग कोमट पाण्यात घालून सोलायचे. श्रावणी सोमवारी दुपारी गॅलरीत चार-पाच बायका गोल करून बसायच्या, मध्ये परात. वालाचा तो कडवट, ओला, हिरवा वास. सोललेला वाल म्हणजे डाळिंबी, पांढरी, दोन दलांची, मोडाची शेपटी सांभाळून ठेवलेली. ती मोडली तर आई नाराज व्हायची. त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडायची. संध्याकाळी नारळ, गूळ आणि आमसूल घालून बिरडं व्हायचं, आणि आम्ही पाच मिनिटांत ताटं चाटूनपुसून उठायचो. त्या दोन-अडीच तासांचा हिशेब आम्हाला कधी लागला नाही. कधीतरी चुकून एखादं साल घासात यायचं. मी ते तोंडातून काढून दाखवायचो. "आई, साल." आणि ती म्हणायची, "राहिलं वाटतं एक," आणि स्वतःच्या ताटातली डाळिंबी माझ्या ताटात घालायची.

कांदिवलीला येऊन अकरा वर्षं झाली. या घरात बिरडं एकदाही झालेलं नाही.

कोणी नको म्हटलं नव्हतं. आईच्या बोटांत संधिवात शिरला, आम्ही दोघं सकाळी सातला घराबाहेर पडायचो, सोलायला बसणार कोण? आई पहिल्या श्रावणात एकदा म्हणाली होती, "वाल आणले असते..." आणि मी म्हणालो होतो, बघू. तिनं पुन्हा विषय काढला नाही. उसळी बंद झाल्या त्या दातांमुळे, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पण बिरड्याची डाळिंबी जिभेनं दाबली तरी फुटते, तिला दात कशाला लागतात! आणि आता मी परदेशच्या पदार्थासाठी, अडीचशे ग्रॅम चणे, एकेक करून सोलत बसलो होतो. मला त्या परातीकडे बघवेना. चणे सोलण्याचं वाईट वाटत नव्हतं, ते तर आईसाठीच चाललं होतं. पण हे हात माझ्याकडे अकरा वर्षं होते.

आई केव्हा येऊन बसली कळलं नाही. तिनं खुर्ची ओढली, परात स्वतःकडे थोडी वळवली, आणि काही न विचारता सोलायला लागली. तिची बोटं सांध्यांशी वाकलीत, पेला धरताना दोन्ही हात लागतात. पण चणा तिच्या बोटात गेला की साल वेगळं आणि दाणा वेगळा, माझा एक होईपर्यंत तिचे तीन. मुलगी फोनवर काहीतरी बघत होती. तिनं वाचून दाखवलं की २०१० च्या मे महिन्यात लेबनॉनमधल्या आचाऱ्यांनी मिळून जगातलं सगळ्यात मोठं हमस केलं, १०,४५२ किलोचं, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. हमस मुळात कोणाचं, यावरून शेजारच्या इस्राएलशी त्यांची चढाओढ चालली होती. आईचे हात थांबले.

"एवढे चणे सोलले कोणी?" तिनं विचारलं.

मुलीनं शोधलं, पण ते कुठं लिहिलेलं नव्हतं. आई मान हलवून पुन्हा सोलायला लागली. पावसाची पहिली सर आली, खिडकीतून मातीचा वास आत आला, आम्ही दिवा लावला नाही. परातीतल्या पाण्यावर सालं जमत गेली, एकावर एक, भिजलेल्या कागदासारखी.

सोललेले चणे त्यांच्याच पाण्यात पुन्हा गरम केले, वाफ असतानाच वाटले. मिक्सर उघडला तर वर काही दिसेना, नुसता तुळतुळीत पृष्ठभाग. त्यात ती पांढरी ताहिनी, चिमूटभर जिरेपूड, आणि पुन्हा पाच मिनिटं. चमच्यानं उचललं तर सावकाश पडत होतं, खुणा धरत होतं आणि मग हळूहळू सोडत होतं. ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीनं आळं केलं, वर ऑलिव्हचं तेल. आईनं कवळी काढून ठेवली. पोळीही घेतली नाही, नुसतं चमच्यानं खाल्लं, डोळे मिटून. तीन चमचे, चार चमचे. मी तिच्या ताटाच्या कडेकडे बघत होतो, हे तिच्या लक्षात आलं असावं. "बघतोस काय," म्हणाली, "तूही घे."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळची लोकल पकडून दादरला गेलो, स्टेशनबाहेर भाजीच्या गर्दीतून वाट काढत एका जुन्या धान्याच्या दुकानात शिरलो आणि अर्धा किलो वाल घेतले. चांगले टपोरे, एकसारखे, स्वच्छ. घरी आलो तेव्हा आई खिडकीशी बसली होती. पुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं दोरा सोडला, मूठभर वाल हातात घेतले, खिडकीच्या उजेडाकडे धरले. बराच वेळ बघत राहिली. मग एकेक करून ते पुडीत परत सोडले.

"हे गोडे आहेत रे," ती म्हणाली. "बिरड्याला कडवे लागतात. बारीक असतात, जरा काळपट. बदलून आण."